पाण्याची ओळ

जळगावात सौना सुरू झालाय आणि मी तिथे नोकरीला लागले आहे, हे मी पहिल्यांदा आमच्या असोद्याच्या बसमध्ये सांगितलं, तेव्हा कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात धरून तसाच उभा राहिला. कॉलेजची सगळी वर्षं मी त्याच बसने पासवर ये-जा केलेली, त्यामुळे तो माझ्याशी घरच्यासारखं बोलायचा.

"म्हणजे काय करायचं असतं तिथं?"

"लाकडी खोलीत बसायचं. गरम होतं, घाम येतो."

"आणि लोक येतात?"

"येतात."

"ताई, हे तर आपल्या गाडीत चैत्रात रोज मिळतं. वर जळगावही येतं."

सगळी बस हसली. मीही हसले. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

मी बी.एस्सी. फिजिक्स. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्यामुळे शिकले त्यांची आठवण ठेवावी असं मला नेहमी वाटत आलं आहे, म्हणून सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी मला त्यांच्या मुलीची जुनी पुस्तकं दिली. कॉलेजात सरांनी एक डबा काळा रंगवून आणि एक चकचकीत ठेवून, दोन्हीत गरम पाणी घालून, कोणता आधी निवतो ते आम्हाला मोजायला लावलं होतं. डोळ्यांना न दिसणारे किरण उष्णता वाहून नेतात, त्यांना अवरक्त म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले. घरी येऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. ते म्हणाले, "न दिसनारं तुले कसं दिसलं व?" मग मायला हाक मारून म्हणाले, "आपली पोरगी आता न दिसनारं मोजते."

या एका धड्यावर मला नोकरी मिळाली. सेंटरच्या मॅडम पुण्याला शिकून जळगावात परत आलेल्या होत्या. त्यांनी रिंगरोडच्या बाजूला वरच्या मजल्याचा गाळा घेतला होता. त्यात दोन माणसं बसतील अशी लाकडी केबिन, काचेचं दार, पाठीमागे आणि पोटऱ्यांच्या उंचीवर काळे पॅनेल. मुलाखतीत त्यांनी विचारलं, नेहमीच्या वाफेच्या खोलीत आणि यात फरक काय? मी म्हटलं, "तिथे हवा तापते आणि हवेने माणूस तापतो. इथे किरणांनी माणूस तापतो, हवा कमी तापते." मॅडमनी डोळे मोठे केले. "हे मला विकणाऱ्या कंपनीच्या माणसालासुद्धा नीट सांगता आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी बसस्टँडपर्यंत चालत गेले ते जमिनीला पाय लावल्याशिवाय.

पहिलं काम होतं माहितीपत्रक. मूळ इंग्रजीत होतं. मॅडमचं मराठी बोलण्यापुरतं चांगलं, लिहायला बसल्या की अडायच्या. मी 'अवरक्त किरण' लिहिलं तर त्या म्हणाल्या, "नको बाई, लोकांना रक्ताचं काही आहे असं वाटेल. इन्फ्रारेडच लिही." बाकी सगळं मी लिहिलं. सांधेदुखीला आराम. स्नायू मोकळे होतात. झोप चांगली लागते. घामावाटे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढण्याचं काम मूत्रपिंडांचं, हे मी दहावीच्या पुस्तकातल्या आकृतीसकट पाठ केलेलं. पण इंग्रजीत तसं लिहिलेलं होतं, आणि छापील इंग्रजीपुढे आमच्यासारख्यांची मान लगेच वाकते. मी लिहून टाकलं.

खाली नवव्या क्रमांकाला एक सूचना होती. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्या.

छापखान्यात संगणकावर बसलेला माणूस म्हणाला, "ताई, एक ओळ काढा. नाहीतर खालचा पत्ता बारीक होतो, म्हाताऱ्यांना दिसत नाही." मी कागदावर पेन फिरवलं. नऊपैकी काय काढायचं? मला वाटलं, उन्हाळ्यात पाणी प्या हे जळगावच्या माणसाला काय सांगायचं. इथे रस्त्यावरून चालताना डांबर चपलेला चिकटतं. पाणी प्यायचं कुणाला शिकवायला लागतं? मी नवव्या ओळीवर काट मारली. पत्ता ठळक आला. पत्रक सुंदर दिसत होतं.

पहिला गठ्ठा हातात आला त्या संध्याकाळी मी एक प्रत घरी नेली. आबांनी ती ओट्यावर उजेडात धरली. ते चौथीपर्यंत शिकलेले. एकेक अक्षर बोटाने दाबत, ओठ हलवत वाचायचे. सबंध पत्रक वाचायला त्यांना जेवणाची वेळ झाली. माय दोनदा हाक मारून गेली. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे बठ्ठं तू लिहेल हाये?"

'बठ्ठं', म्हणजे सगळं, हा शब्द मायचा. तिचं माहेर धुळ्याकडचं, लग्न होऊन इकडे आली तरी तिची बोली तिकडचीच राहिली, आणि आबा कधीकधी तिचे शब्द उसने घ्यायचे.

"मी लिहिलंय. मूळ इंग्रजीत होतं."

त्यांनी पत्रक चार घड्या घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. त्यानंतर ते खिशातून कधी बाहेर राहिलं नाही. सदरा बदलला की पत्रक बदललेल्या सदऱ्यात जायचं. असोद्याच्या चौकात त्यांनी ते किती जणांना दाखवलं असेल याचा मी हिशोब करू शकत नाही.

आबांनी जन्मभर केळीचे घड वाहिले. बागेत घड कापला की तो खांद्यावर घ्यायचा, सऱ्यांमधून चिखलातून चालत बांधापर्यंत आणायचा, ट्रॅक्टरमध्ये केळ्याला केळं न घासता ठेवायचा. खांद्यावर गोणपाटाची घडी असायची. तरी त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडलेला होता, हाताला दगडासारखा लागायचा. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून कशानेच जात नाही. त्यांचे सगळे सदरे त्या बाजूने काळे होते. माझी फी त्याच खांद्यावरून आली, हे मला माहीत होतं आणि आहे.

आता गुडघे गेले होते. काम दोन वर्षांपासून बंद. दुखायला लागलं की मेडिकलमधून गोळी आणायची, ती मीच आणून द्यायची, कॉलेजातून येताना. शुगर होती, बीपी होतं, त्यांच्याही गोळ्या चालू होत्या. यातलं कशाचंच त्यांना फार वाईट वाटत नव्हतं. वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं. त्यांना पंगतीत मांडी घालून बसता येत नव्हतं. लग्नात सगळी माणसं खाली बसली की त्यांना कडेला प्लास्टिकची खुर्ची दिली जायची, ताट मांडीवर. एकदा कुणीतरी थट्टेने म्हणालं, "या साहेब, बसा टेबलावर." त्यानंतर ते लग्नांना जायचे, अक्षता टाकायचे आणि न जेवता परत यायचे. माय विचारायची, ते म्हणायचे, भूक नव्हती.

दुपारी बारा ते चार आमचं सेंटर रिकामं असायचं. मॅडमनाच एकदा सुचलं. "तुझ्या वडिलांचे गुडघे दुखतात ना? आणत जा दुपारी. रिकामीच असते केबिन." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मी त्यांना आजही दोष देत नाही. त्यांनी नियमाप्रमाणे फॉर्म भरून घेतला, शुगर आणि बीपीच्या चौकटीत मी खरी खूण केली, आणि त्यांनी मला गावातल्या आमच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून दोनदा, थोडा थोडा वेळ. पाणी भरपूर पाजा. चक्कर आली तर बंद."

घरी हे ठरलं तेव्हा माय चुलीपाशी बसून म्हणाली, "मानसे सावली धुंडतस, आनि ह्या बापलेकी ऊन धुंडतस."

"हे ऊन नही," आबा म्हणाले, "हे न दिसनारं हाये. तुले नही समजायचं. तुही अर्धी बोली मले आजून समजत नही, तुले हे कुठून समजीन?"

"चाळीस वरीस भाकर खादी, ती समजनी ना?"

आबा हसले. त्यांचा तो हसरा चेहरा मला हल्ली आठवावा लागतो, आपोआप येत नाही.

पहिल्या दिवशी ते कोरा सदरा घालून आले. केबिनच्या दारात चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि चौकटीला हात लावून कपाळाला लावला. मी म्हटलं, "आबा, मशीन आहे ते." ते म्हणाले, "तुही रोजीरोटी हाये ना?" टॉवेल गुंडाळून ते आत बसले. काचेतून मला त्यांचा तो खांदा दिसत होता. केबिनमधला लाल दिवा नुसता शोभेचा असतो, उष्णता काळ्या पॅनेलमधून येते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते मान डोलावत होते. थोड्या वेळाने कपाळावर, मग छातीवर, मग पोटऱ्यांवर घामाचे थेंब आले. बाहेर येऊन ते बाकावर बसले आणि म्हणाले, "नुसतं बसायचं आन घाम काढायचे लोकं पैसे देतात? आपुन जनमभर फुकट काढला."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

"नको."

"आबा, प्यावं लागतं."

"घामात पानी पीत नहीत. सांधे धरतात."

आता यातलं काही मला नवीन नव्हतं, हेच मला सहन होत नाही. आमच्याकडे शेतातून, उन्हातून माणूस आला की त्याला आल्याआल्या पाणी देत नाहीत. आधी टेकायचं. मग हातावर गुळाचा खडा, आणि गूळ तोंडात विरघळला की त्यावर तांब्याभर पाणी. लहानपणी आबा बागेतून आले की गुळाचा डबा मीच पुढे करायची. आबांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गूळ बंद केला. गूळ गेला, आणि त्याच्या मागोमाग उन्हातून आल्यावरचं पाणीही गेलं, कारण गुळाशिवाय घामात पाणी त्यांच्या लेखी अपाय होता. ते घाम पूर्ण निवेपर्यंत, कधीकधी संध्याकाळपर्यंत, पाण्याला शिवायचे नाहीत. हे माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चाललेलं होतं. तरी छापखान्यात ओळ काढताना मला ते आठवलं नाही. पाणी प्यायचं कुणाला शिकवावं लागत नाही असं मला वाटलं. ते माझ्याच घरात शिकवावं लागणार होतं.

त्या दिवशी मी हट्ट केला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

आबांनी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून पत्रक काढलं. घड्या उलगडल्या, बोट पहिल्या ओळीवरून शेवटपर्यंत नेलं. "याच्यात कुठी लिहेल हाये पान्याचं?"

"जागा नव्हती म्हणून राहिलं."

"महत्त्वाचं असतं तर राह्यलं नसतं," ते म्हणाले. त्यात रुसवा नव्हता, वाद नव्हता. माझ्या शहाणपणावर त्यांचा इतका विश्वास होता की मी महत्त्वाची गोष्ट गाळीन हे त्यांना शक्यच वाटलं नाही. मी तोंडाने काय म्हणते ते लेकीचं लाडाचं बोलणं. छापलेलं ते शिकलेल्या मुलीचं.

मी बाटली त्यांच्या हातात कोंबली. "घरी जाताना तरी प्या." पुढच्या वेळी बाटली रिकामी परत आली. त्यापुढच्या वेळीही. मला बरं वाटलं. कधी मी दुपारी खाली डोकावले तर ते सेंटरच्या पायऱ्यांवर, रस्त्याकडेच्या निंबाच्या रोपाला लावलेल्या लोखंडी जाळीला धरून बसलेले दिसायचे. मला वाटायचं, बसची वाट बघताहेत.

आणि फरक पडला. हे मी लपवू शकत नाही, आणि पडला नसता तर किती बरं झालं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते जिना न थांबता चढायला लागले. सकाळी उठताना भिंतीला हात लावायचा तो सुटला. आठवड्यातून दोनदा म्हटलेलं, त्याचं चारदा झालं. "रोज आलो तं लवकर होईल," ते म्हणाले. मॅडम त्या आठवड्यात पुण्याला गेलेल्या. मी हो म्हटलं.

वैशाखात धुळ्याला मामांच्या घरी लग्न होतं. आम्ही तिघं सकाळच्या बसने गेलो. दुपारी मांडवात पंगत बसली, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. मामांनी सवयीने खुर्ची आणली. आबांनी ती बाजूला सारली. एक हात जमिनीला टेकवून, दात घट्ट आवळून ते खाली बसले, आणि एक पाय, मग दुसरा, असं करत त्यांनी मांडी घातली. मी तुपाचं भांडं घेऊन वाढायला उभी होते. शेजारचे एक नाना म्हणाले, "काय दाजी, गुडघे नवीन बसवले का?"

"पोरीनं बसवले," आबा म्हणाले, आणि खिशातून पत्रक काढून त्यांच्या पुढे धरलं. बट्टीचं तूप त्या कागदाला लागलं. तो डाग अजून आहे.

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मायने ओसरीतून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. परत येताना बसमध्ये मला वाटत होतं की मी शिकले त्याचं आज सार्थक झालं.

पंधरा दिवसांत त्यांचे पाय सुजले. आम्हाला वाटलं, पंगतीत बसल्याने आली सूज. मग जेवण नकोसं झालं, सकाळी उलट्या. मायने रुईची पानं एरंडेल लावून पायांना बांधली. चेहरा फुगल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा मी त्यांना जळगावात दाखवलं. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे धरून विचारलं, "तुम्ही शिकलेल्या दिसता. हे वाचता येतं?"

मला वाचता येत होतं. दोन्ही मूत्रपिंडं लहान झालेली.

मी सगळं सांगितलं. सौना, घाम, आठवड्यातून चारदा, पाणी. दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं, तेही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "किडनी आधीपासून खराब होत आलेली असणार. शुगर आहे, बीपी आहे, दुखण्याच्या गोळ्या आहेत. त्यात या उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी पडलं. एकावर बोट ठेवता येत नाही."

"पण सौना नसता तर?"

"कदाचित थोडा उशीर झाला असता. कदाचित नसता झाला. तुम्ही त्यावर विचार करू नका."

त्यांनी चांगुलपणाने सांगितलं. पण मी काळा डबा आणि चकचकीत डबा मोजलेली मुलगी आहे. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळ्या सारख्या ठेवायच्या, मग कारण कळतं. माझे आबा एकच आहेत. दुसरे आबा, ज्यांना मी सौनात बसवलं नाही, ते कुठून आणायचे? दोषी आहे असं कुणी ठणकावून सांगितलं असतं तर मी ते मान्य केलं असतं. नाही म्हटलं असतं तर रडून मोकळी झाले असते. यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. तेव्हापासून मी त्या "कदाचित"मध्येच राहते आहे.

वॉर्डात दुसऱ्या दिवशी आबांनी मला जवळ बोलावलं. हाताला सुई होती. ते हळू म्हणाले, "तुह्या दुकानाच्या दाराशी निंबाचं रोप हाये ना, त्याले पानी टाकत जाय."

"कोण टाकतं त्याला?"

"मीच टाकत होतो ना. तू देत होती ते."

मला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. बाटलीतलं चांगलं फिल्टरचं पाणी, लेकीने दिलेलं, रस्त्यावर ओतायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. परत द्यायचं तर मला वाईट वाटलं असतं. म्हणून ते रोपाला घातलं. घाम निथळत असताना, जाळीला धरून, जागेवर बसता बसता. ते बसची वाट बघत नव्हते. त्यांना चक्कर येत होती.

माय शेजारी स्टुलावर होती. तिला सगळं कळलं होतं. झाडाचं पाणी झाडाला गेलं, एवढंच ती तिच्या बोलीत म्हणाली, "झाडनं पानी झाडले गयं." आणि पदराने आबांचा कोरडा घसा पुसल्यासारखं त्यांच्या गळ्यावरून हात फिरवला.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. सकाळी पहिल्या बसने आम्ही जळगावला जातो. तोच कंडक्टर आबांना पुढची सीट धरून ठेवतो, आणि सौनाची थट्टा तो आता करत नाही. आबा मशीनला लागले की चार तास मी शेजारी बसते. रक्त एका नळीतून बाहेर जातं, दुसरीतून आत येतं. शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात. हे वाक्य त्या मशीनच्या बाबतीत खरं आहे.

नोकरी मी सोडली नाही. सोडून काय करणार? डायलिसिस नसेल त्या दिवशी सेंटरला जाते, काचेच्या बाहेर बसून लोकांचा घाम बघते. काहींना खरंच आराम पडतो, ते खूश होऊन जातात. पत्रक मी पुन्हा छापून घेतलं. विषारी द्रव्यांचं वाक्य काढलं, त्याच्या जागी पाण्याची ओळ घातली, जाड अक्षरात. मॅडमनी काही विचारलं नाही. प्रत्येक माणूस बाहेर आला की मी त्याच्यासमोर उभी राहते, तो पाणी पिईपर्यंत हलत नाही. लोकांना वाटतं, काय अगत्य आहे. निंबाचं रोप चांगलं वाढलंय. मी त्याला पाणी घालत नाही. मला ते जमत नाही. कुणीतरी घालत असावं.

आणि आबांना आता पाणी मापून मिळतं. प्यालेलं पाणी शरीरातून बाहेर जायला वाटच राहिलेली नाही. ते अंगात साठतं, छातीत चढतं. डॉक्टरांनी दिवसाचं माप लिहून दिलंय. मी एका फुलपात्राला आतून खिळ्याने रेघ ओढली आहे, प्रयोगशाळेत ओढायचे तशी. त्या रेघेपर्यंत भरायचं, दिवसातून ठरल्या वेळी. बाकी वेळ ते ओला रुमाल ओठांवर धरून बसतात. आयुष्यभर तहान दाबणाऱ्या माणसाला आता सतत तहान लागते. माय त्यांच्यासमोर पाणी पीत नाही. मागच्या दारी जाऊन पिते, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून पदरात धरून.

काल भर दुपारी आम्ही डायलिसिसवरून आलो. बसपासून घरापर्यंतच्या उन्हात त्यांचा सदरा ओला झाला होता. ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "गूळ नको. नुसतं पानी दे."

मी फुलपात्र रेघेपर्यंत भरून आणलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. एका घोटात संपवलं नाही. थोडं थोडं, जिभेवर ठेवून, पूर्वी गूळ विरघळवायचे तसं. संपल्यावर फुलपात्र उलटं करून शेवटचा थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

"आजून थोडं."

"नाही आबा."

"कागदात लिहेल हाये का?"

मी आतून डॉक्टरांचा कागद आणला. त्यांनी तो उजेडात धरला. बोट एकेका ओळीवरून खाली नेत, ओठ हलवत, त्यांना ती ओळ सापडली. पाणी, आणि पुढे माप. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग कागद चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला, त्या तुपाच्या डागाच्या पत्रकाला लागून, आणि रिकामं फुलपात्र मला परत दिलं.

"मंग बरोबर हाये," ते म्हणाले.